मांडलेलं घर

सकाळपासून मी सोफ्यावरच्या त्या उशा किती वेळा बदलल्या असतील, देव जाणे. निळी पुढे, करडी मागे. मग करडी पुढे. शेवटी दोन्ही उचलून खुर्चीवर फेकल्या आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. खाली कोणी नव्हतं. कोर्टाने नेमलेल्या समुपदेशक बाई दुपारी येणार होत्या, ठमी कुठे राहते, कशी राहते ते बघायला. त्या काय सांगतील त्यावर माझी पोर माझ्याकडे राहणार की बापाकडे जाणार, हे ठरणार होतं. अशा दिवशी माणसाने एका जागी बसायचं तरी कसं?

आता उशा मांडणं हा माझा धंदाच. बिल्डर लोक इमारत पुरी व्हायच्या आधी एक सॅम्पल फ्लॅट सजवून ठेवतात, गिऱ्हाइकांना दाखवायला. तो मी सजवते. कोणीच राहत नाही अशा घरात कोणीतरी फार सुखाने राहतंय असं भासवायचं, त्याचा मला पगार मिळतो. पुस्तकांचे नुसते पुठ्ठे, प्लास्टिकची सफरचंदं, टेबलावर सहज विसरल्यासारखा ठेवलेला चष्मा. ठमीचा बाप तेच फ्लॅट विकायचा. मी मांडायचं, त्याने बोलायचं. काय जोडी होती! लोक म्हणायचे, तुमचं बरंय बाई, नवरा-बायको एकाच ठिकाणी. डोंबल बरं!

एके दिवशी मी सॅम्पल फ्लॅटची बेडरूम उघडली आणि दारातच थबकले. चादर छान ताणलेली, उशा फुगवून ठेवलेल्या. पण माझी पद्धत नव्हती ती. मी उशी उभी करून वरून हाताची एक थाप मारते, मधोमध बारीक खळी पडते. या उशा आडव्या होत्या. चावी दोघांकडेच, माझ्याकडे आणि त्याच्याकडे. एक बाई तो फ्लॅट पुन्हा पुन्हा बघायला येते हे मला ठाऊक होतं. इतकं काय बघते रे ती, असं मीच त्याला हसून विचारलं होतं! माझ्या अंगाची नुसती लाहीलाही झाली. आणि खरं सांगू, सगळ्यात जास्त राग कशाचा आला? लग्न झाल्यापासून या माणसाने घरी एका चादरीची घडी घातली नव्हती, आणि इथे पलंग लावून ठेवला होता.

असो. घटस्फोट दोघांनाही हवा होता, त्यात वाद नव्हता. वाद ठमीवरून. तो आता त्या बाईकडे राहतो. तिथे लिफ्ट आहे, बाग आहे, पोरीसाठी वेगळी खोली आहे. माझ्याकडे दोन खोल्या, त्यातल्या एकीच्या भिंतीला ओल. माझ्या वकीलबाई म्हणाल्या, "घर जरा नीटनेटकं दिसू द्या." कोणाला सांगतायत, त्यांना काय माहीत!

ऑफिसच्या गोदामातून मी दिवे आणले, गालिचा आणला, उशा आणल्या, ती पुठ्ठ्यांची पुस्तकंही आणली. ओलीवर उंच कपाट सरकवलं. दारावर ठमीने काढलेली चित्रं घासून पुसली, स्टिकर नखांनी खरवडले. तिचे डबेडुबे, तुटक्या बाहुल्या, बाटल्यांची झाकणं, सगळं पलंगाखाली कोंबलं. शाळेतून आली ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"आई, हे काय?"

"काही नाही. एक बाई येणारेत आपलं घर बघायला. शहाण्यासारखी वाग. आणि कशाला हात लावू नकोस."

कोर्टाचं तिच्या कानावर घालायचं नाही असं मी ठरवलं होतं. सात वर्षांचं पोर ते, त्याच्या डोक्याला कशाला ताप? ती बूट हातात धरून भिंतीला टेकून उभी राहिली. बस म्हटलं तरी बसेना.

बाई आल्या. साध्याच होत्या, खांद्याला मोठी पिशवी, दमलेला चेहरा. घरभर नजर फिरवून म्हणाल्या, "वा, छान ठेवलंय." मला हायसं वाटलं. त्यांना ठमीशी एकटीशी बोलायचं होतं, म्हणून मी चहाच्या निमित्ताने ओट्यापाशी गेले. कान अर्थातच बाहेर.

"तुला आवडतं का ग इथे?"

ठमी जी सुटली!

"इथे ओल आहे. त्या कपाटामागे. बघा हवं तर. कपाट तिथे नव्हतंच, आज आणलंय."

माझ्या हातातली साखर सांडली.

"नळाला पाणी येत नाही नीट. वरचे आजोबा सारखे खोकतात. आणि झुरळं आहेत, ही मोठ्ठी! ती पुस्तकं पण खोटी आहेत."

"अगं बाई! आणि आई कशी आहे?"

"आई ओरडते. शेजाऱ्यांना पण ऐकू जातं."

बापाने पट्टी पढवली, दुसरं काय! नाहीतर एवढीशी कारटी माझ्या मुळावर कशी उठेल? वाटलं, बाहेर जावं आणि दोन धपाटे घालावेत. मग बघायलाच नको! गॅस बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा बंद केला.

"म्हणजे तुला इथे राहायचं नाही?" बाईंनी विचारलं.

"मला राहायचंय," ठमी म्हणाली. "तुम्ही नका घेऊ."

"काय नको घेऊ?"

"हे घर. तुम्हाला आवडलं तर तुम्ही घ्याल, मग आम्ही कुठे जायचं?" तिचा आवाज चिरकला. "आईने असं मांडलं ना, की लोकांना आवडतंच. बाबा म्हणायचे, तुझ्या आईने मांडलं की घर विकलंच समज. मला बाबांकडची खोली नकोय. मला इथेच राहायचंय, आईजवळ. ओरडली तरी चालेल."

मी ओट्याची कड घट्ट धरली. रडू काही आवरेना. बापाने पढवलं म्हणे! माझीच मला लाज वाटली.

"अगं, मी घर घ्यायला नाही आले," बाई हळूच म्हणाल्या.

"मग काय घ्यायला आलात?"

मी बाहेर आले तशा बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी हाताने डोळे पुसले. ठमी बूट छातीशी धरून आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत होती. हळूहळू तिचा चेहरा बदलत गेला. तिला कळलं होतं, प्रश्न घराचा नव्हताच.

मी तिला उचलून घेतलं. चांगली थोराड झालीये, उचलवत नाही आता. तिने दोन्ही हातांनी माझी मान आवळली आणि बूट गालिच्यावर पडले.

"ताई, जरा खाली ठेवा तिला," बाई म्हणाल्या. "मला अजून थोडं विचारायचंय."

"विचारा ना," मी म्हटलं. "हवं ते विचारा. पण ती अशीच राहील."