यंत्र हाय म्हणालं

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्यावर लोक पायऱ्यांवर बसले आणि पायऱ्या संपल्यावर जवळजवळ एकमेकांच्या मांडीवर. व्यासपीठावर जागृतीगुरू उभा होता. अंगात पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. डॉक्टर तो कधीच नव्हता, पण कोटाला इस्त्री मात्र कडक होती.

"तुमच्या पोटात स्वादुपिंड आहे," तो माइकमध्ये गोड आवाजात म्हणाला. "त्यात जनुकं आहेत. हे मी नाही, विज्ञान म्हणतंय! मधुमेह झाला म्हणजे ती जनुकं झोपली. आता मला सांगा, झोपलेल्याला सुया टोचायच्या, की प्रेमानं हाक मारायची?"

"हाक!" सभागृह ओरडलं.

एक निवृत्त बसचालक पुढे आला. गुरूने त्याला मूठभर द्राक्षं दिली आणि बोटांनी चिरडायला लावली. "निसर्गाची साखर! शरीराला तिची ओळख पटू दे!" मग बोट टोचून रक्ताचा थेंब साखर मोजायच्या यंत्राला लावला. मोठ्या पडद्यावर तीनशे अठरा आकडा झळकला आणि लोक हळहळले. गुरूने "जागे व्हा, जागे व्हा" असं पुटपुटत म्हाताऱ्याचे हात 'जागृत' पाण्याने धुतले, पुसले, पुन्हा टोचलं. एकशे एकवीस! म्हातारा रडायलाच लागला. शेजारच्या टेबलावर त्या पाण्याच्या बाटल्या हातोहात खपत होत्या.

दाराशी उभ्या असलेल्या आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती इथे चमत्कार बघायला आली नव्हती. तिला वहिनीचा फोन आला होता. "ताई, ह्यांनी काल भिंगरीचं इन्सुलिन बंद केलं. गुरूंनी सांगितलं म्हणे, सुईनं जनुकं आणखी गाढ झोपतात. पोरगी घटाघटा पाणी पितेय, उलट्या होतायत. मी ओरडून दमले. आता तिला गुरूंच्या सभेला घेऊन गेलेत. तुम्ही लगेच तिकडे जा."

भिंगरी म्हणजे आत्याची अकरा वर्षांची भाची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. तिचा बाप, म्हणजे दादा, घड्याळं दुरुस्त करायचा. बंद पडलेलं काहीही पुन्हा चालू करता येतं, असा धंद्यामुळे त्याचा ठाम समज झाला होता. आणि आत्या? मृत्यूनंतर दान केलेल्या स्वादुपिंडांचे पातळ काप करून, कोणत्या पेशीत कोणतं जनुक काम करतंय, हे बघायचं तिचं काम. घरात अशी बहीण असताना दादाने सल्ला घेतला तो इस्त्रीच्या कोटाचा.

आता तोच दादा भिंगरीला खांद्यावर घेऊन व्यासपीठावर चढत होता. पोरीची मान लुळी पडली होती. आत्या गर्दीतून वाट काढत पुढे निघाली, पण कोणी सरकेना. तोवर गुरूने पोरीच्या मुठीत द्राक्षं कोंबून बोट टोचलंसुद्धा.

पडद्यावर आकडा आलाच नाही. दोन इंग्रजी अक्षरं आली: एच, आय.

गुरू क्षणभर बावचळला. मग त्याने दोन्ही हात वर केले. "बघा, बघा! यंत्र हाय म्हणतंय! बाळाची जनुकं पहिल्याच हाकेला जागी झाली आणि तुम्हाला हाय करतायत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. दादाच्या डोळ्यांतून आनंदाश्रू वाहू लागले. "हाय, बाळा, हाय!" तो पोरीला म्हणाला.

"दादा!" आत्या व्यासपीठावर पोचली होती. "अरे, ते हाय नमस्काराचं नाही! इंग्रजीत उंच म्हणजे हाय. साखर इतकी चढलीय, की यंत्राला आकडा दाखवता येत नाहीये. तिचा श्वास बघ कसा चाललाय! चल, दवाखान्यात!"

"तू मध्ये पडू नकोस," दादाने पोरीला घट्ट धरलं. "त्या काकांची साखर उतरली, ती माझ्या डोळ्यांनी बघितली मी."

"भगिनी," गुरू हसला, "तुमचीही जनुकं झोपलेली दिसतात."

"मग मोजाच!" आत्याने त्याच्या ताटलीतलं द्राक्ष उचललं, बोटावर चिरडलं आणि स्वतःच सुई टोचून घेतली. पडद्यावर तीनशे चौसष्ट. तिने पर्समधली साध्या पाण्याची बाटली काढली, बोट खळखळून धुतलं, पुसलं, पुन्हा टोचलं. शहाण्णव.

"मला मधुमेह नाही, दादा. यंत्रानं माझं रक्त नाही, द्राक्षाचा रस मोजला. त्या काकांचाही तोच मोजला. आता हिचं बघ."

तिने भिंगरीचं बोट धुतलं, कोरडं केलं, टोचलं. द्राक्षाचा लवलेशही उरला नव्हता.

यंत्र पुन्हा हाय म्हणालं.

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. पोरीला उचलून तो दाराकडे धावला आणि मघाशी न सरकणारी गर्दी आता आपोआप फाटली. मागे बसचालकाने गुरूचं मनगट पकडलं होतं. "मी माझ्या गोळ्या सोडल्या रे हलकटा! आण तुझं बोट!" दिवसभर द्राक्षं हाताळलेल्या त्या बोटाने पडद्यावर चारशेच्या वर आकडा दाखवला, तेव्हा आधी हशा उसळला आणि मग खुर्च्या सरकल्याचे आवाज आले.

दवाखान्यात भिंगरीला सलाईन आणि इन्सुलिन सुरू झालं. वहिनी धावत आली आणि पोरीच्या उशाशी बसली. तिने नवऱ्याकडे बघितलंही नाही. दादा बाहेर बाकावर बसला होता.

"म्हणजे जनुकं झोपली नव्हती?" त्याने खाली मान घालून विचारलं.

"कोण झोपतंय तिथे?" आत्याचा आवाज अजून खाली आला नव्हता. "उलट धोक्याची घंटा वाजवणारी जनुकं जोरात चालू असतात. शरीरातले सैनिक धावून येतात आणि इन्सुलिन बनवणाऱ्या आपल्याच पेशींना मारून टाकतात. हे नेमकं कशामुळे सुरू होतं, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. पण जे कळत नाही ते आम्ही शोधतो, बाटलीत भरून विकत नाही! घड्याळातली चाकंच गेली, तर नुसती हाक मारून ते चालवशील तू?"

दादा स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघू लागला.

"माझ्याकडे येतात ना, त्या दान केलेल्या स्वादुपिंडांत लहान मुलांचीही असतात. भिंगरीएवढ्या मुलांची. त्यांच्या आईबापांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पण भिंगरीचा काप मला माझ्या सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर बघायचा नाहीये. कळलं?"

तेव्हा कुठे दादा हुंदके देऊन रडला. आत्याने त्याला रडू दिलं. त्याच्या पाठीवर हात ठेवावा इतका तिचा राग ओसरला नव्हता.

संध्याकाळी भिंगरीने डोळे उघडले. नर्सने तिचं बोट नीट पुसून टोचलं होतं.

"आत्या, यंत्र आता काय म्हणतंय?"

"दोनशे दहा म्हणतंय."

"हाय नाही?"

"नाही गं. आता आकडा बोलतंय."

दादा उठला, नळाखाली साबण लावून दोन्ही हात धुऊन आला आणि इन्सुलिन कसं टोचायचं, ते पुन्हा पहिल्यापासून दाखवायला त्याने नर्सला सांगितलं.

तुम्हालाही कोणी आकडा दाखवून चमत्कार विकायला आलं, तर पाया पडायची घाई करू नका. आधी त्याला बोट धुवायला लावा आणि पुन्हा मोजा. आणि मोजेपर्यंत पोरांचं औषध चुकूनही बंद करू नका.