भिंतीआडच्या पाच होड्या

धोक्याचा बावटा सकाळी आठलाच चढला होता. शहाण्या माणसांनी होड्या आवरायची ती वेळ, आणि अख्खं बंदर धक्क्यावर हात जोडून उभं! कारण काय, तर महाराज वादळ थोपवणार होते.

"समुद्र माझं लेकरू आहे! लेकराला रागे भरायचं नसतं, गोंजारायचं असतं," असं म्हणत महाराजांनी चांदीच्या गडूतलं तीर्थ पाण्यात ओतलं. आणि काय सांगावं, वाऱ्याने शहारलेलं पाणी बघता बघता इस्त्री केल्यासारखं सपाट झालं. पार पन्नास पावलांपर्यंत एक तरंग म्हणून नाही. काहींनी तर तिथेच लोटांगण घातलं.

तात्याच्या अंगावर काटा आला. तीस वर्षं शिडाची होडी हाकली, पण असलं काही पाहिलं नव्हतं. त्यात महाराजांचा गडू सांभाळायला कोण, तर त्याचा सख्खा धाकटा भाऊ! तात्याची छाती अभिमानाने फुगली.

"आता घरी जा," महाराज गरजले. "दारं-खिडक्या लावा, डोळे मिटून माझं नाव घ्या. ज्याने जादा दोर बांधला, दुसरा नांगर टाकला, त्याने माझ्यावर संशय घेतला. मग त्याचं तो बघेल!"

तात्याची बायको शाळेत विज्ञान शिकवायची. ती कुजबुजली, "अहो, होडी निदान भिंतीआड तरी न्या."

बंदराच्या दगडी भिंतीआड पाचच होड्या मावत. बावटा चढला की जो आधी पोचेल त्याची जागा, असा तिथला जुना नियम.

"माझा भाऊ आहे तिथे. धोका असता तर त्याने मला सांगितलं नसतं?" तात्या खेकसला आणि घरी जाऊन मुकाट डोळे मिटून बसला.

दुपारी वादळ आलं. एकेरी दोर तो किती तग धरणार? तात्या धावत धक्क्यावर पोचला तेव्हा होडी दगडांवर आपटत होती. चौथ्या तडाख्याला तळ फुटला. ज्या होडीवर घर चालत होतं, तिची डोलकाठी तेवढी पाण्याबाहेर राहिली. बंदरातल्या एकवीस होड्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोक भिंतीकडे गेले. तिथे पाच होड्या धडधाकट! एक महाराजांची, तीन त्यांच्या चेल्यांच्या आणि पाचवी तात्याच्या भावाची. शीड उतरवून बांधलेलं, दोन नांगर, चार दोर, आणि दोर घासून तुटू नयेत म्हणून त्यांना चिंध्याही गुंडाळलेल्या.

"ही इथे कधी आणलीस?" तात्याने विचारलं.

भाऊ दोरावरच्या चिंध्या सारख्या करू लागला. महाराज मात्र होडीतूनच ओरडले, "ज्यांच्या मनात किंतू होता त्यांच्या होड्या बुडाल्या!"

"किंतू? चार दोर तर तुम्हीच बांधलेत की!" म्हणत तात्याची बायको पुढे झाली. तिने दिराच्या होडीतला चांदीचा गडू उचलून आत बोट फिरवलं आणि वास घेतला. "माशाचं तेल!" तळाशी उरलेलं तिने वाऱ्याच्या बाजूने पाण्यात ओतलं. भिंतीबाहेरचं शहारलेलं पाणी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सपाट झालं.

"वहिनी, पुरे," भाऊ पुटपुटला.

"पुरे कसं? ऐका सगळे. तेलाचा पातळ थर पसरला की वाऱ्याला पाण्यावर पकड मिळत नाही, म्हणून बारीक तरंग मरतात. कुणीही करून बघा, मंत्र लागत नाही. पण घराएवढ्या लाटेला गडूभर तेल काय करणार, कपाळ?"

महाराज नांगर उचलायला धावले, पण एकवीस होड्यांच्या मालकांनी त्यांना घेरलं. तात्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

"तुला ठाऊक होतं?"

"तेल मीच भरायचो, दादा." भाऊ म्हणाला. "जागा पाचच होत्या. तुला सांगितलं असतं तर तू आधी पोचला असतास. दर वेळी तूच आधी पोचतोस."

तात्याला वाटलं, त्याच्या थोबाडीत द्यावी. हात उठला नाही. "परवा रात्री माझ्या घरी जेवलास," तो म्हणाला, "माझ्या ताटाशेजारी बसून. तेव्हा तरी सांगायचंस रे!"

मग तो बाकीच्यांकडे वळला. डोळ्यांतलं पाणी पुसायचीही त्याला शुद्ध नव्हती.

"बाबांनो, माझ्यावर हसा, पण एवढं ऐका. वादळ थोपवतो म्हणणारा भेटला, मग तो महाराज असो की सख्खा भाऊ, त्याच्या पाया पडण्याआधी एक करा. त्याची स्वतःची होडी कुठे बांधलीय, ते जाऊन बघून या."