कोळशाचा डबा

यल्लाप्पाला कामावरून काढून पस्तीस दिवस झाले होते, तेव्हा ब्राह्मी माझ्याकडे आली.

रविवारची सकाळ होती. आयटीआयमध्ये तीस वर्षं मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवून मी निवृत्त झालो, आणि निपाणीत घरामागं एक पत्र्याची शेड घातली. रविवारी आसपासची मुलं तिथं जमतात. त्या दिवशी त्यांनी पाण्याची एक बंद पडलेली मोटार उघडली होती. ब्राह्मी नववीत. एरवी सगळ्यांत आधी स्क्रूड्रायव्हर तीच उचलायची. आज दारातच उभी राहिली.

"सर, एक गोष्ट जुळत नाही."

"सांग की."

"यल्लाप्पामामा असतानाच आमची गाडी लिटरला अकरा किलोमीटर द्यायला लागली. आधी चौदा द्यायची. म्हणजे मामा पेट्रोल काढतात, असं पप्पा म्हणाले आणि त्यांना काढून टाकलं. आता गाडी पप्पाच चालवतात. तरी अकराच."

मी हातातला कपडा खाली ठेवला. ती काय विचारते आहे ते मला कळलं होतं. मला लाज वाटली, कारण हा प्रश्न पस्तीस दिवसांपूर्वी मीच विचारायला हवा होता.

ब्राह्मीचे वडील पद्मराज तंबाखूचे व्यापारी. त्यांची लाल सेडान निपाणीत सगळ्यांना ठाऊक आहे. बुटकी, रुंद टायरांची, ॲक्सिलरेटरवर पाय ठेवताच झेप घेणारी. पद्मराजांना ती जिवापाड प्रिय. यल्लाप्पा त्यांच्याकडे बावीस वर्षं ड्रायव्हर होता. ब्राह्मी जन्मली तेव्हा तिला दवाखान्यातून घरी आणणारा तोच.

गाडीचं ॲव्हरेज पडायला लागलं, तशी पद्मराजांनी ती कोल्हापुरात एका वर्कशॉपला दाखवली. तिथल्यांनी एअर फिल्टर बदलला आणि सांगितलं, "गाडीत काय दोष नाही. चालवणाऱ्यावर असतंय सगळं." त्याच आठवड्यात गाडीच्या मागच्या बाजूला पेट्रोलचा वास यायला लागला. पद्मराजांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. वास येतोय म्हणजे कुणीतरी टाकीतून काढतंय.

आणि मग त्यांच्या वखारीत तो प्रकार झाला. मी तिथं होतो, पद्मराजांच्या शेजारी बाकावर, हातात चहाचा कप घेऊन. आठ-दहा हमाल तंबाखू भरलेल्या बोदांवर बसले होते. भावकू हमालानं कागदाच्या पुडीत देवीचा भंडारा आणून तराजूशेजारी ठेवला. यल्लाप्पा यल्लम्माचा भक्त, भंडारा उचलून तो खोटं बोलणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

"या गाडीतलं एक थेंबबी पेट्रोल मी काढलं न्हाय, असं म्हण आणि उचल," पद्मराज म्हणाले. "मग माझ्या मनात काय राहणार न्हाय."

यल्लाप्पानं हात पुढं केला. बोटं पुडीपर्यंत गेली आणि तिथंच थांबली. मग त्यानं हात मागं घेतला.

"अण्णा, असं म्हणता यायचं न्हाय."

"का?"

त्यानं किल्ली तराजूच्या पारड्यात ठेवली, चपला घातल्या आणि गेला. "बघा," भावकू म्हणाला, "भंडाऱ्यानं खरं वदवून घेतलं का न्हाय!"

आजकालच्या गाड्यांच्या टाकीत नळी घालून पेट्रोल ओढणं सोपं नाही, हे मला ठाऊक होतं. पण मी ते बोललो नाही. चहा संपवून घरी आलो.

"पप्पांना म्हणावं, गाडी घेऊन या," मी ब्राह्मीला सांगितलं.

पद्मराज दुपारी आले ते थोडे चिडूनच. "मास्तर, ह्या पोरीनं डोकं खाल्लंय. टायर बदलून टाकू काय? सोक्षमोक्ष होईल."

"आधी बघू. बदलायचं नंतर."

मी ब्राह्मीलाच पुढं केलं. मुलांना सांगतो तसंच तिला सांगितलं: गाडी जास्त पेट्रोल पिते म्हणजे एक तर तिला ओढायला जड जातंय, नाहीतर पेट्रोल भलत्या वाटेनं जातंय. तिनं चारही टायरांची हवा मोजली. बरोबर होती. गाडी जॅकवर घेऊन चाकं हातानं फिरवली. मोकळी फिरली, म्हणजे ब्रेक घासत नव्हता. मग मी इंजिनाचा एक स्पार्क प्लग काढून तिच्या हातात दिला. त्याच्या टोकावर कोरडी, मऊ काजळी होती.

"काळा आहे, सर."

"हवेच्या मानानं पेट्रोल जास्त झालं की असा होतो. चुलीत लाकडं दाटून कोंबली की धूर होतो ना, तसं." मी पद्मराजांकडे वळलो. "टाकीतनं कुणी चोरून नेलं असतं तर ते इंजिनात आलंच नसतं. इथं इंजिन जास्त पितंय."

पद्मराज खुर्चीवर बसले.

"पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी सुरू व्हायला त्रास देते का?"

"देते की. दोन-तीनदा सेल मारायला लागतोय. आणि वासबी तवाच जास्त."

"पंपावर टाकी भरून नळी आपोआप कट झाली, तरी अजून भरता?"

मी काही विचित्रच विचारलं असावं, असे ते माझ्याकडे बघत राहिले. "भरतोच की मास्तर. पुढं कोगनोळी ओलांडली की महाराष्ट्र, तिकडं महाग. सगळी निपाणी इथनं गळ्यापर्यंत भरूनच जाते. मी तर गाडी हलवून हलवून भरतो. लिटरभर अजून बसतंय."

मी गाडीखाली शिरलो. मागच्या चाकाजवळ एक काळा डबा असतो, साधारण डबलरोटीएवढा. तो सोडवून बाहेर काढला आणि ब्राह्मीच्या हातात दिला. तिचे हात एकदम खाली गेले.

"किती जड!"

"चिरमुऱ्याच्या पिशवीसारखा हलका पाहिजे. आत कोळशाचे दाणे आहेत. टाकीत पेट्रोलची वाफ होते, ती बाहेर जाऊ नये म्हणून हे दाणे धरून ठेवतात, आणि इंजिन ती थोडी थोडी ओढून जाळतं. वाफेसाठी केलेला डबा आहे हा. टाकी गळ्यापर्यंत भरली की यात वाफेऐवजी पेट्रोलच शिरतं."

तिनं डबा हलवला. आत पाणी हिंदकळावं तसा आवाज आला. शेडभर पेट्रोलचा वास पसरला.

पुढं इंजिनाजवळची, ही वाफ आत सोडणारी छोटी झडप काढली, तर कोळशाचे चुरलेले कण तिच्यात अडकून बसले होते. झडप मिटतच नव्हती. गाडी उभी असो की पळो, इंजिन त्या वाटेनं सारखं पीत होतं. नवा डबा, नवी झडप, आणि नळी कट झाली की थांबायचं. एवढंच औषध होतं.

मग ब्राह्मी म्हणाली, "पप्पा, मामा सांगत होते. भरल्यावर वास येतो, जास्त भरू नका म्हणून. मी मागच्या सीटवर होते तेव्हा."

"सांगितलं असंल," पद्मराज म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

यल्लाप्पा संकेश्वरला ट्रॅक्टरवर लागल्याचं कळलं. निपाणीत त्याला कुणी गाडी दिली नव्हती. नवीन सामान बसवल्यावर आम्ही तिघं त्याच गाडीतून गेलो. साखर कारखान्याबाहेर उसाच्या ट्रॉल्यांची लांब रांग होती. त्या रांगेत तो सापडला, ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून भाकरी खात होता. वाळला होता. ब्राह्मीला बघून उभा राहिला.

"आक्का, उंच झालीस गं."

"महिन्यात कुठं उंच होतंय कोण, मामा?" ती म्हणाली आणि रडायला लागली.

मी त्याला डब्याचं सगळं सांगितलं. त्यानं कारागिरासारखं ऐकलं, मध्येच विचारलं, "झडप उघडीच ऱ्हायलीती काय? तरीच गाडी उभी असली की थरथरायची." त्याच्या तोंडावर क्षणभर आनंद दिसला. मग तो विझला.

"यल्लाप्पा, मग भंडारा का उचलला न्हाईस?" पद्मराजांनी विचारलं. "उचलला असतास तर एवढं झालंच नसतं."

यल्लाप्पानं भाकरीच्या फडक्याची घडी घातली. "दोन वर्षांमागं तवंदी घाटात एक जोडपं मोटारसायकल ढकलत चाललंतं, अण्णा. काखंत तान्हं लेकरू. पेट्रोल संपलंतं. मी गाडीचा खालचा पाइप सोडून बाटलीभर काढून दिलं. घरी येऊन तुमास्नी सांगायचं ऱ्हायलं. तुम्ही म्हणालासा, एक थेंबबी न्हाय म्हण. बाटलीत थेंब किती असतात?"

"अरं, मग तसं सांगायचं!"

"तवा सांगितलं असतं तर कोण ऐकणार हुतं? आज बाटली तर उद्या कॅन, असंच म्हणाली असती सगळी." त्यानं फडकं कमरेला खोचलं. "परत यायचं म्हणालासा तर यीन. पण त्याच वखारीत, त्याच माणसांसमोर सांगा, यल्लाप्पानं चोरलं न्हाय. तेवढं झाल्याबिगर माझा पाय तिथं पडायचा न्हाय."

पद्मराजांनी रांगेकडे बघितलं. "बघू. तंबाखूचा सीझन संपू दे."

परतताना ते पंपावर थांबले. पोऱ्यानं सवयीनं विचारलं, "अण्णा, गळ्यापर्यंत?" "नको. कट झाला की बस कर," ते म्हणाले. ब्राह्मी खिडकीबाहेर बघत होती.

तीन आठवड्यांनी ती शेडमध्ये आली. "सर, चौदा देतीय गाडी."

"आणि वखारीत पप्पांनी सांगितलं?"

तिनं नाही म्हणून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी जुना डबा पिशवीत घालून वखारीत गेलो. मी त्या दिवशी तिथं होतो, तर बोलणंही माझंच काम होतं. पद्मराज गादीवर पावत्या बघत होते. मी डबा तराजूवर ठेवला आणि हमालांना जवळ बोलावलं. जसं मुलांना सांगतो तसं सावकाश सांगितलं, वाफ, दाणे, झडप. त्यांनी डबा या हातातून त्या हातात फिरवला, हुंगला.

"व्हय की, पेट्रोलच हाय हे," भावकू म्हणाला. "म्हणजे गाडीच पीत हुती. पण मास्तर, मग त्यानं भंडारा का उचलला न्हाय?"

मी पद्मराजांकडे पाहिलं. त्यांनी पावतीवरून डोळे उचलले नाहीत. मग मी घाटातली बाटली सांगितली, काखेतलं लेकरू सांगितलं. काहीच लपवायचं नाही असं ठरवून आलो होतो.

भावकूनं डबा परत तराजूवर ठेवला.

"म्हणजे घेतलंतं की," तो म्हणाला.

एक-दोघं हसले. बाकीचे बोदं उचलायला उठले. मी डबा पिशवीत घातला. बाहेर वखारीच्या सावलीत लाल गाडी उभी होती, आणि नवा ड्रायव्हर, कोणी विशीतला पोरगा, तिची काच पुसत होता.