अकरा मेढींचं घर

माझा पुतण्या शेखर हिंजवडीच्या नोकरीतून दोन महिने इंग्लंडला गेला आणि येताना एक खानावळ डोक्यात घेऊन आला. तिथल्या एका खेड्यात तो तिच्याच माडीवर राहिला होता. तीनशे वर्षं जुनी. पांढऱ्या भिंतींवर काळ्या लाकडी पट्ट्या, खाली शेकोटी आणि बिअर, वर झोपायच्या खोल्या.

"काकी, छत एवढं खाली की डोकं आपटतं. आणि लोक त्याचे जास्त पैसे देतात."

डोकं आमच्या माजघराच्या दारालाही आपटतं. त्याचे आजवर कुणी पैसे दिले नव्हते, शिव्या दिल्या होत्या.

पौडवरून ताम्हिणीकडं जाणाऱ्या रस्त्याला आमचं हे घर आहे. पूर्वी कोकणात जाणारे गाडीवाले ओसरीवर मुक्काम करायचे, आता शनिवार-रविवारी धबधबे बघणारे करतात. नवरा गेल्यापासून ते मीच चालवते. जागा मात्र अर्धी माझी, अर्धी थोरल्या दिरांची, म्हणजे शेखरच्या वडिलांची. त्यांना मी भैरूभावजी म्हणते. त्यांच्याकडं भुकूमचा एक बिल्डर वरचेवर चहाला येऊ लागला होता. भावजींनी मला दिवाळीपर्यंत मुदत दिली. घर बारा महिने भरायला लागलं तर ठीक, नाहीतर दोघांनी सह्या करून मोकळं व्हायचं. मग मी पुण्याला लेकीकडं जाऊन बाल्कनीतल्या तुळशीला पाणी घालायचं.

म्हणून शेखरच्या इंग्लंडला मी हो म्हटलं.

ओसरीचे आमचे अकरा खांब, पण एकासारखा दुसरा नाही. कुठला जाड, कुठला बारीक, कुठल्यावर नक्षी, कुठल्याला उगाचच खाचा. ते बेंगरूळ दिसतं म्हणून शेखरनं सगळ्यांना चारी बाजूंनी फळ्या ठोकल्या, वर काळा रंग दिला. भिंतींवर तिरक्या पट्ट्या आल्या. त्या काहीच तोलत नाहीत, नुसत्या चिकटून आहेत. दारावर पाटी आली, तिच्यावर स्थापनेचं साल, १८६३.

"हे कुठून आणलंस रे?"

"१८५७ भांडणाचं वाटतं काकी, आणि १८६० थाप वाटते."

जुन्या घरांत पाहुणे पाठवणाऱ्या मुंबईच्या एका कंपनीला फोटो पसंत पडले. आता त्यांची एक बाई येऊन घर तपासणार होती. तिनं खरं आहे असं लिहिलं की वर्षभराची गिऱ्हाइकं पक्की.

ती जुईली. मंगळवारी आली, टेप, वही आणि एक लहानसा हातोडा घेऊन. शेखर रजा काढून हजर.

"तिकडच्या खानावळी जुन्या जहाजांच्या लाकडाच्या असतात," तो तिला सांगत होता.

"ते बहुतेक सांगण्यापुरतंच असतं," ती म्हणाली आणि तिनं पहिल्या खांबावर टकटक केली. पोकळ वाजला. "आत काय आहे?"

"इन्सुलेशन," शेखर म्हणाला.

तिनं वहीत काहीतरी लिहिलं. एवढ्यात रस्त्यावर एसटी थांबली आणि सगुणाबाई उतरल्या. त्या दौंडकडून वर्षातून एकदा येतात, पिशवीत नारळ घेऊन. मी विसरले नव्हते. या वर्षी त्या यायच्या नाहीत अशी आशा धरून बसले होते. ऐंशी ओलांडलेल्या बाईबद्दल अशी आशा धरणं म्हणजे काय, ते आत्ता लिहिताना जाणवतंय.

सगुणाबाई ओसरीवर चढल्या आणि खांबाखांबाला हात लावत चालत गेल्या.

"आशालता, आमची मेढ कुटं गेली गं?"

"हितंच हाय मावशी. बसा, पाणी घ्या."

"पानी ऱ्हाऊ दे. मेढ दाव."

"आजी दमल्यात," शेखर जुईलीला म्हणाला.

"कोन दमलंय? तूच ठोकल्यात ना रं ह्या फळ्या? केळीची खोकी हुबी केल्यागत दिसतंय."

जुईलीनं मला विचारलं, "मेढ म्हणजे काय हो काकू?"

खोटं बोलायला अजून जागा होती. मेढीला वाळवी लागली, जाळली, असं म्हटलं असतं तर म्हातारी रडून परत गेली असती आणि दिवाळी निभावली असती. मी आत जाऊन पहार आणली.

"काकी, दिवाळी," शेखर हळूच म्हणाला.

चौथ्या खांबाच्या फळ्या उचकटता उचकटता मी जुईलीला सांगितलं. घर बांधताना पूजा करून जो पहिला खांब रोवतात ती मेढ. मुळशीचं धरण झालं तेव्हा पाण्याखाली जाणाऱ्या गावांतली माणसं घरं उतरवून, लाकूड गाड्यांत घालून निघाली. लांब जाणाऱ्यांच्या बैलांना एवढं ओझं झेपेना. माझ्या आजेसासऱ्यांनी, कोंडिबांनी, अकरा घरांच्या मेढी ठेवून घेतल्या आणि त्यांवर ही ओसरी उभी केली. शब्द दिला, कधीही या, आपल्या मेढीपाशी झोपा. मागाल तेव्हा काढून देईन.

फळी पडली. कमरेच्या उंचीवर लाकडाला गोल चरे पडलेले होते. सगुणाबाईंनी त्यांत बोटं घातली.

"ताक घुसळायची दोरी," त्या जुईलीला म्हणाल्या. "माज्या सासूची. तिच्या आदी तिच्या सासूची."

मग त्यांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. बाकीच्या फळ्या शेखरनं न सांगता काढल्या. जुईली अंधार पडेपर्यंत मापं घेत होती. निघताना म्हणाली, "इंग्रजी खानावळ असं मला लिहिता येणार नाही काकू. आहे ते लिहीन. ते घेतील असं वाटत नाही."

भावजी आले तेव्हा सगुणाबाई मेढीला टेकून भाकरी खात होत्या. भावजींनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी झालं. आता सह्या करू, वयनी."

"इका की," सगुणाबाई मान वर न करता म्हणाल्या. "आमची मेढ तेवढी काडून द्या. आन बाकीच्या धा घरांची बी."

"धा घरं मी कुटं हुडकू आता?"

"ते मला काय म्हाईत? शबूद तुज्या आज्याचा हाय."

भावजी बराच वेळ खांब मोजत बसले. मग म्हणाले, "आदी मेढी देतो. मंग सह्या."

कंपनीनं आठ दिवसांनी कळवलं, घर सुंदर आहे, पण आमच्या यादीत बसत नाही. भावजी मात्र शब्दाला लागले. फोन करून, ओळखीपाळखी काढून आजवर चार घरं शोधली. प्रत्येक घर टेम्पो घेऊन येतं, दोन दिवस राहतं, जेवतं, आपल्या मेढीपाशी झोपतं आणि रिकामा टेम्पो घेऊन जातं. फ्लॅटात मेढ कुठं उभी करणार? राहू द्या सध्या, म्हणतात. भावजी माझ्यापाशी येऊन चिडतात. दिवाळी होऊन गेली.

पाचवं घर बारामतीकडं सापडलंय. रविवारी येतायत, सतरा माणसं आहेत. भावजी सकाळीच पौडला गाद्या आणायला गेलेत.