ओ यू जी एच

“टी, ओ, यू, जी, एच. टौघ,” मास्तरीणबाईंनी अक्षरांवर बोट ठेवत वाचलं.

खाटेवर उशीला टेकून बसलेल्या मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. तोंडाची उजवी बाजू ओघळलेलीच होती. डाव्या बाजूनं ओठ कसेबसे हलले.

“टफ.”

बाईंच्या हातातली वही खाली पडली. अर्धांगाचा झटका आल्यापासून साडेतीन महिने या माणसाच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. पाणी हवं तरी बोट, नको तरी बोट. आणि फुटला तोही इंग्रजी!

मास्तरांनी शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. स्पेलिंग शिकवायची त्यांची एक रीत होती. सारखी अक्षरं असलेले शब्द वहीच्या एकेका पानावर गोळा करायचे. ओ-यू-जी-एचचं पान आलं की ते वर्गाला सांगत, “हे सख्खे भाऊ. आडनाव एक, पण तोंडं दहा दिशांना. एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधाल तर फसाल.” वर्ग खळखळून हसायचा. घरी येईपर्यंत मात्र मास्तरांचं बोलणं संपलेलं असे.

गल्लीनं त्यांच्या बायकोला मास्तरीणबाई करून टाकलं होतं, पण बाईंची शाळा सातवीतच सुटली होती. त्या घरी गणवेश शिवत. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी विचारून पाहिलं होतं, “मलाही शिकवा ना थोडं इंग्रजी.” मास्तर मान वर न करता म्हणाले होते, “तुझ्या डोक्यात नाही शिरायचं ते. तू आपली काजं कर.” बाईंनी काजं केली. विषय पुन्हा काढला नाही.

बोलणं परत यावं म्हणून व्यायाम शिकवणारी एक ताई आठवड्यातून एकदा यायची. “काकू, काकांना जे तोंडपाठ होतं तेच त्यांच्यापुढे म्हणत राहा,” असं तिनंच सांगितलं होतं. बाईंनी पाढे म्हटले, जुनी गाणी म्हटली. मास्तर ढिम्म. शेवटचा उपाय म्हणून कपाटातून मास्तरांची ती स्पेलिंगची वही निघाली होती.

‘टफ’ची हकिकत ऐकून ताई उडालीच. “चुकीचं ऐकवत नाही त्यांना! काकू, आता तुम्ही अशाच चुकत राहा.”

मग रोज दुपारी चार वाजता मशीन थांबायचं आणि वही उघडायची.

“कौघ.”

“कॉफ!”

“थ्रौघ.”

“थ्रू! थ्रू!” मास्तर चिडायचे, ओठांच्या कडेनं थुंकी उडायची, आणि बाई पदरानं ती पुसत मनातल्या मनात सुखावायच्या. चाळीस वर्षांच्या संसारात दोघं इतकं बोलली नव्हती.

पण महिन्याभरात पंचाईत झाली. ते पान बाईंना यायला लागलं. कॉलर जोडताना, गुंड्या लावताना बरोबर उच्चार आपोआप जिभेवर यायचे. सरळ टीप येत असताना मुद्दाम वाकडी घालायची तशी रोज नवी चूक शोधावी लागे. मास्तर कपाळाला हात लावत. बाई पुढचा शब्द चुकवत.

एका रविवारी मुलगा आणि सून आले. मुलगा खाटेशी बसून ही शिकवणी बघत राहिला, आणि मग त्याला हसू आवरेना.

“आई, अगं महिनाभर एकच पान! एवढंही लक्षात राहत नाही?” मग बायकोकडे वळून म्हणाला, “बाबा म्हणायचे ते काही खोटं नव्हतं हं.”

सून कसनुसं हसली. बाईंच्या कानशिलांना चटका बसला. हसून वेळ मारून नेता आली असती. आजवर तेच केलं होतं. त्यांनी चष्मा सारखा केला आणि अक्षरांवर बोटसुद्धा न ठेवता वाचलं, “टफ. रफ. इनफ. कॉफ. दो. डो. बाव. थ्रू. थॉट. बॉट.”

मुलाच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी विरलं. मास्तर बायकोकडे बघत होते. नजरेत राग नव्हता. नव्यानं ओळख झालेल्या माणसाकडे बघावं, तसे ते बघत होते.

दुसऱ्या दिवशी चार वाजता बाई म्हणाल्या, “टौघ.”

मास्तर काही बोलले नाहीत.

“टौघ, अहो. कौघ. थ्रौघ.”

मास्तरांचं अर्धं तोंड हसलं. शहाण्या विद्यार्थ्याची लबाडी पकडल्यावर हसत असतील, तसं. मग त्यांनी डोळे मिटून घेतले.

ताईनं पुढे चित्रं आणली, घंटी आणली. काही उपयोग झाला नाही. “तुम्हाला येतं हे त्यांना कळलंय, काकू.”

“मग आता?”

“बघू,” ताई म्हणाली.

मुलाचं ते एवढं बोलणं गिळायला हवं होतं, असं बाईंना दिवसातून दहादा वाटे. पण मनापासून पश्चात्तापही होत नव्हता, आणि तेच जास्त टोचे.

तरी चार वाजता त्या वही घेऊन बसतच राहिल्या. ते पान संपवून त्यांनी पुढचं उघडलं. ई-ए-आर. डिअर, निअर, फिअर जमले.

“पी, ई, ए, आर. पिअर.”

ही चूक मुद्दाम केलेली नव्हती. बाई थबकल्या. शब्द कानाला बरोबर लागेना.

“पेअर?” त्यांनी विचारलं.

मास्तर जागे होते. खिडकीबाहेर वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत होते.

बाईंनी शिवणाच्या डब्यातून पेन्सिल काढून त्या शब्दापुढे एक बारीक प्रश्नचिन्ह केलं, आणि पुढच्या शब्दावर बोट ठेवलं.