न खेळता मिळालेला गुण

बुद्धिबळाची मला आवड आहे, गती नाही. या दोन गोष्टी एकाच माणसात नांदायला लागल्या की त्याचं काय होतं, ते आमच्या क्लबच्या फळ्यावर दर वर्षी लागतं. पाच वर्षं, पाच स्पर्धा आणि माझ्या नावापुढे पाच भोपळे. वर मी शाळेत गणित शिकवतो. यंदा मला गुण हवा होता. जास्त नाही, एक.

चौथ्या फेरीनंतरही भोपळाच होता आणि एकच फेरी उरली होती. तेव्हा मला नियम आठवला. खेळाडूंची संख्या विषम झाली की एकाला जोडी मिळत नाही. यादीत जो सर्वांत खाली, त्याला न खेळता पूर्ण गुण देतात. त्याला 'बाय' म्हणतात. आम्ही चोवीस होतो. म्हणजे कोणीतरी एकाने घरी जायला हवं होतं, आणि तो मी नव्हतो.

घड्याळवाले आजोबा भिंतीशी मान चोळत बसले होते. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला हा माणूस सत्तरीनंतर पहिल्यांदाच स्पर्धेत उतरला होता आणि माझ्यासारखाच चारच्या चार हरला होता.

"आजोबा, दमलात. कशाला जिवाला त्रास? माघार घ्या."

"घेतली तर चालते?"

"जोड्या लागायच्या आत लिहून दिलं की झालं."

"पण सर, शेवटचा डाव..."

मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. अर्ज मीच लिहिला, कारणाच्या रकान्यात 'प्रकृती' असंही मीच लिहिलं आणि खाली तेवढी त्यांची सही घेतली. मास्तरकीचे असेही उपयोग असतात.

दहा मिनिटांत पंचबाईंनी जोड्या फळ्यावर लावल्या. माझ्या नावासमोर बाय, एक गुण. मला आभाळ ठेंगणं झालं. छाती काढून बाहेर आलो, तर आजोबा जिन्यात बसलेले.

"अजून इथेच?"

"मुलगी न्यायला येणार आहे." ते ओशाळं हसले. "खरं सांगू सर, तिसऱ्या फेरीलाच निघणार होतो. पण यादीत पाहिलं, तुम्हीही शून्यावर. सारख्या गुणांवाल्यांची जोडी लावतात ना? म्हटलं, शेवटी तरी आपली गाठ पडेल. मला हरवता येईल असं इथे दुसरं कोणी दिसत नव्हतं हो. मुलीला सांगून आलो होतो, एक तरी डाव जिंकून येतो म्हणून."

दोन शून्यं समोरासमोर बसणार, एवढं साधं गणित मला सुटलं नव्हतं. त्यांना हरवून मला रीतसर गुण मिळाला असता, असा विचार आधी मनात आला, हेही कबूल करतो. लाज त्याच्यानंतर वाटली. पण वाटली, अगदी कान तापेपर्यंत.

मी पंचबाईंकडे धावलो. "आजोबांना परत घ्या. आम्ही दोघं खेळतो. तो अर्ज मी लिहिलाय."

"अक्षरावरून कळलं मला," त्या चष्म्यावरून पाहत म्हणाल्या. "पण जोड्या लागल्यावर माघार मागे घेता येत नाही, सर. आणि तुमचा गुणही आता कोणाला देता येत नाही."

मग क्लबचा एक पट उचलून आम्ही जिन्यातच बसलो. मी मुद्दाम हरलो, असं कोणाला वाटत असेल तर तो माझा फाजील सन्मान आहे. मी जीव तोडून खेळलो. आजोबांनी तेविसाव्या चालीला मात दिली आणि कितीतरी वेळ माझा हात हातात धरून ठेवला.

तेवढ्यात त्यांची मुलगी आली. "काय बाबा, जिंकलात?"

"जिंकलो! या सरांना हरवलं!" त्यांचा आवाज आनंदाने चिरकला.

"खरंच? मग फळ्यावर लागलं असेल. थांबा, फोटो काढते," म्हणत ती आत वळली.

मी तिच्या आधी धावलो. पाच वर्षं ज्या एका गुणासाठी झुरलो, तो तिला दिसू नये म्हणून फळ्याला पाठ लावून उभा राहिलो.