यल्लव्वाची होडी

मी एक कादंबरी बोलतेय. जन्म परदेशातला, पण आता मराठीशिवाय दुसरं काही बोलता येत नाही. पुण्यात एका बाईंनी माझा अनुवाद केला, तिथंच माझी बांधणी झाली.

माझ्यात एल्सपेथ नावाची आजच्या काळातली शिक्षिका आहे. तळ्यावर धुकं उतरतं, तिची होडी भरकटते आणि ती काठाला लागते तेव्हा तीनशे वर्षं मागं गेलेली असते, स्कॉटलंडच्या डोंगरी कुळांमध्ये. तिथली भाषा तिला येत नाही. कुळाकुळांत गुरांवरून वैर. तशातच रोरी नावाच्या तरुणावर तिचा जीव जडतो. शेवटी पुन्हा धुकं येतं आणि तीच होडी काठाशी उभी राहते. राहायचं की परतायचं?

एवढं सगळं पोटात घेऊन पडून राहणं फार कठीण. धाराशिवच्या ग्रंथप्रदर्शनातून प्रतीक्षानं मला अणदूरला आणलं आणि अंगणवाडीच्या कामात तीनदा अर्ध्यावर सोडलं. टीव्हीच्या मागं, धुळीत, मी नुसती तगमगत होते.

मग तिच्या सासूचा पाय मोडला. शांतम्मा तिचं नाव, प्रतीक्षा तिला आत्या म्हणते. सहा आठवडे प्लास्टर. जन्मभर शेरडामागं हिंडलेली बाई खाटेवर टिकेना. तिला अक्षरओळख नाही, म्हणून दुपारी प्रतीक्षा मला मोठ्यानं वाचू लागली.

एल्सपेथ हे नाव शांतम्माच्या जिभेवर बसेना. तिनं सरळ यल्लव्वा करून टाकलं. कुळांचं वर्णन ऐकून तर ती हसलीच. म्हणाली, "घोंगड्या पांघरतेत, जनावरं राखतेत, भावकीत भांडतेत. ही तर आमचीच मानसं." रोरी जवळ आला की प्रतीक्षाला खोकला यायचा आणि माझी दोन पानं एकदम उलटायची. शांतम्माच्या ते ध्यानात यायचं, ती गालातल्या गालात हसायची.

यल्लव्वाला पाणी मागता येत नाही, ते प्रकरण वाचलं त्या दिवशी मात्र ती स्वतःबद्दल बोलली. पंधराव्या वर्षी ती कर्नाटकातून, आळंदच्या पलीकडून, या घरी आली. मराठीचा एक शब्द येत नव्हता. पुढं एका लग्नात तिचा नवरा आणि तिचा धाकटा भाऊ वीरप्पा एका एडक्यावरून भांडले. आमच्या घरातलं कुणी तुझा उंबरा चढणार नाही, असं नवरा बोलून बसला. नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली. भावाला पाहून सव्वीस.

होडी पुन्हा काठाशी आली, तिथवर वाचून झालं. शेवटच्या प्रकरणाला प्रतीक्षानं हात घातला, तसा शांतम्मानं माझ्या पानावर पंजा ठेवला.

"थांब. यल्लव्वाला होडी तरी आली. मला कुनी इचारलंच न्हाय. आदी म्या जाऊन येते, मग वाच."

मुलगा भागवत चिडला. आबांचा शब्द मोडायचा नाही, म्हणाला.

"शबुद त्येंचा व्हता," ती म्हणाली. "भाऊ माजा हाय."

त्या दिवशी भागवत जेवला नाही. शांतम्मा जेवली.

प्लास्टर निघालं आणि आठवड्यात दोघी एसटीत बसल्या. मी पिशवीत, लुगडं आणि लाडवांचा डबा यांच्या मधोमध. शांतम्मा वाटभर कानडी वाक्यं जुळवत होती. मध्येच शब्द अडायचा, मग ती खिडकीबाहेर बघायची. भाऊ तिथं असेल का, ओळखेल का, दार लावून घेईल का. मांडीवरची पिशवी तिनं एकदाही खाली ठेवली नाही.

दारात काठी टेकून एक म्हातारा उभा होता. जुळवलेलं एकही वाक्य तिला आठवलं नाही. ती मराठीतच म्हणाली, "म्या आले."

 तो दारातून बाजूला झाला.

"अक्का," तो म्हणाला. "बा." म्हणजे ये.

अंगणवाडी होती म्हणून प्रतीक्षा दुसऱ्या दिवशी परतली. शांतम्मा राहिली आणि तिनं मलाही ठेवून घेतलं. इथं मराठी वाचणारं कुणी नाही. दुपारी बाया जमतात. शांतम्मा मला मांडीवर उघडते, कधी उलटी, आणि कानडीत सांगू लागते. ऐकून ऐकून मलाही ती थोडी कळू लागलीय. तिच्या गोष्टीत यल्लव्वा नावाड्याला म्हणते, होडी इथंच बांधून ठेव. मग ती सणाला तिकडं जाते, सुगीला इकडं येते. कुणाला रडावं लागत नाही.

माझा जीव वरखाली होतो. माझ्यात असं छापलेलं नाही. माझ्या शेवटच्या पानावर एक काठ कायमचा सुटतो.

परवा प्रतीक्षा न्यायला येणार आहे. ठरल्याप्रमाणे ती शेवटचं प्रकरण उघडेल. प्रतीक्षा, तू ते आधी मनात वाच. आणि आत्यांनी विचारलंच, तर त्या सांगतात तसंच लिहिलंय म्हण. मी कुणाला सांगणार नाही.